दाराच्या जागी खाट

आत्या पडली तेव्हा मी नाक्यावर गेलेलो, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. मीच तसं सांगितलं होतं. आई तेच खरं मानून गेली. लग्न ठरलं तेव्हा बायकोला मी माझ्याबद्दल बरंच काही सांगितलं, न सांगितलं तरी चाललं असतं असंही सांगितलं, पण हे नाही. मी नाक्यावर नव्हतो. घराच्या मागे, बदामाच्या झाडाखाली उभा होतो. आत्या येताना मला दिसत होती. तिचा उजवा हात पुढे आलेला, बोटं पसरलेली, काहीतरी चाचपत असलेली, तीही दिसत होती. ओरडायला मला वेळ होता. मी ओरडलो नाही.

एवढं लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आलो. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते कागदावर एवढ्याशा जागेत मावतं, याचीच भीती वाटली. आता मागचंपुढचं नीट सांगतो.

आमचं घर डोंबिवलीत, पूर्वेला. आजोबांनी बांधलेलं, बैठं, जाड विटांच्या भिंतींचं. पुढे व्हरांडा, मग माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि शेवटी मागचं दार. बांधलं तेव्हा आजूबाजूला भातखाचरं होती म्हणे. मला कळायला लागेपर्यंत दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी आमचा उजेड खाऊन टाकला होता. माजघरात भर दुपारी ट्यूब लावावी लागे. त्यात ती वर्षं भारनियमनाची. ठरलेल्या वेळी आणि न ठरलेल्याही वेळी वीज जायची, पंखा घरघरत थांबायचा, आणि घर असं गप्प व्हायचं की शेजारच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याच ओट्यावर झाल्यासारख्या वाटायच्या. पश्चिमेची भिंत दिवसभर तापायची आणि संध्याकाळी तो ताप आत सोडायची. बाबा कामावरून आले की चपला काढायच्या आधी त्या भिंतीला तळहात लावून बघत, आजारी मुलाचं कपाळ बघावं तसं.

बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं कागदावर काढली. निवृत्तीला थोडी वर्षं उरली तेव्हा त्यांनी स्वतःचं घर काढायला घेतलं. बिल्डर येऊन जात, चहा पिऊन फ्लॅटच्या गोष्टी करत, बाबा ऐकून घेत आणि नाही म्हणत. मग जेवण झाल्यावर ट्रेसिंग पेपर पसरून बसत. माजघराच्या छताला चौकोन पाडून वर जाड काच. छतालगत झरोके, म्हणजे गरम हवा वरच्या वर निघून जाईल. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून दुसरी भिंत आणि दोन्हींच्या मध्ये पोकळी, म्हणजे ऊन बाहेरच्या भिंतीवरच थांबेल. गच्चीवर पांढऱ्या फरश्यांचे तुकडे. आणि मागचं दार काढून, तिथून पुढे घर वाढवून, एक नवी खोली, उत्तरेला मोठी खिडकी असलेली. ती आत्यासाठी. "दिवसा या घरात बटण दाबायचं नाही," असं ते म्हणत. मीटरची चकती किती हळू फिरते हे बघत ते व्हरांड्यात उभे राहत, तेव्हा आई मला खुणेने सांगायची, आत्ता बोलू नकोस काही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. बालवाडीत शिकवलं आणि आमच्या घरात राहिली, किंवा खरं म्हणजे आम्ही तिच्या घरात राहिलो, कारण आजोबांच्या मागे बाबांना तिनेच शिकवलं होतं. तिला काचबिंदू होता. तो कडांनी खात येतो. आधी बाजूचं दिसेनासं होतं, मग पायाशी असलेलं, शेवटी नळीतून बघावं तेवढं गोल उरतं. आत्याला समोरच्याचं नाक दिसायचं आणि त्याच्या हातातला कप दिसायचा नाही. पण घरात ती अशी वावरायची की पाहुण्यांना कळायचंसुद्धा नाही. मोड आलेले वाल मांडीवर घेऊन ती बिरडं सोलायची, टरफल एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला, नजर भलतीकडेच. चालताना तिचा एक हात भिंतीवर असे. माजघराच्या भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला एक तुळतुळीत पट्टा उमटला होता. आई दर दिवाळीला तो रंगाखाली घालवायची आणि संक्रांतीपर्यंत तो परत यायचा.

"वसंता, छपराला भोक पाडून मला काय दिसणार आहे?" बाबांच्या कागदांवरून हात फिरवत ती म्हणाली होती.

"तुला दिसावं म्हणूनच पाडतोय, ताई."

"मला दिसतं तेवढं पुरतं. तुझी बायको आमटीत मीठ कमी घालते ते मला न बघता कळतं."

"वन्सं, मीठ तुम्हालाच कमी सांगितलंय डॉक्टरांनी," आई आतून म्हणाली.

"डॉक्टरला सांग, तू खा ती आमटी."

मी हसलो. बाबाही हसले. त्या घरात सगळे एकदम हसलेले मला आठवतात ती बहुधा शेवटचीच वेळ. भिंतींचा विषय कोणी काढला नाही. उजेड आला की सगळं आपोआप सोपं होतं अशी बाबांची समजूत होती, आणि आम्हा सगळ्यांचीच. ती भिंतीच्या आधाराने बघते आणि आपण भिंतच पाडणार आहोत, हे तिला सोडून कोणाला सुचलं नाही, आणि ती बोलली नाही. बोलली असती तर बाबांनी कागद गुंडाळून ठेवले असते.

काम बाळारामशेठने घेतलं. त्याचं घर गावठाणात. त्याच्या आजोबांची भातशेती होती, आणि आमचं घर जिथे आहे ती जमीनही कधीकाळी त्यांचीच. त्याच्या मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आई आधण ठेवायची. उन्हाळा सुरू झालेला आणि पावसाच्या आत छत बंद व्हायला हवं होतं, म्हणून त्याने एकदम दोन्हीकडून सुरुवात केली, वर आणि मागे. छताला चौकोन पाडला त्या दिवशी माजघरात जो उजेड आला त्याने मी घाबरलो. भिंतींवरचे ओघळ, कपाटामागची जाळी, फोटोंच्या मागची धूळ, सगळं उघडं पडलं. इतकी वर्षं आपण यात राहत होतो असं वाटलं. स्लॅबखाली लाकडी टेकू लावलेले होते आणि त्यांच्यामधून वाट काढत जेवायला बसायचं. टेकू अधूनमधून करकरत. मी घास हातात धरून वर बघायचो.

"काय रं, वर काय बगतंस?" बाळारामशेठ म्हणायचा. "नाय परत ती स्लॅब. परली तं आदी माज्याच डोक्यावर परंल."

मग मागचं दार निघालं. चौकट उखडली, दाराच्या दोन्ही बाजूंची भिंत कापली आणि बैलगाडी जाईल एवढी उघडी जागा झाली. तुळशीकडे उतरणाऱ्या पायऱ्या फोडल्या. नव्या खोलीचा पाया बाहेर बांधून घेतला, पण आत भराव नव्हता. म्हणजे स्वयंपाकघराची फरशी जिथे संपत होती तिथून पुढे खड्डा. छातीएवढा खोल, तळाला फोडलेल्या पायऱ्यांचे दगड, विटांचे तुकडे आणि उभ्या सळ्यांची टोकं. मुरुमाचा ट्रक येणार होता. आज येतो, उद्या येतो, असं चाललेलं.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवायचं आणि मागचं बंद करायचं. लक्ष्मी पुढून येते, मागचं उघडं असलं तर सरळ निघून जाते. पुष्कळ घरांत हे करतात. आमच्याकडे हे आत्याचं काम होतं. देवापाशी निरांजन लावायची, हात जोडायची, मग भिंतीला हात लावून स्वयंपाकघरातून मागे जायची, दार लोटून कडी घालायची आणि मोठ्याने म्हणायची, "लावलं गं दार." आई चुलीपाशी असो की नसो. ते "लावलं गं दार" ऐकू आलं की दिवस संपला असं मला लहानपणापासून वाटायचं.

दारच काढल्यावर आई तिला म्हणाली, आता काही दिवस नका जाऊ तिकडे. आत्या म्हणाली, "दार नाही म्हणून काय संध्याकाळ होत नाही?" तेव्हा बाबांनी तोडगा काढला. आजोबांची लोखंडी खाट होती, जड, ती आडवी उभी करून त्या जागेत लावायची. गडी गेले की मी ती लावायची, दोन्ही टोकांना विटा द्यायच्या. आत्याने यायचं, खाटेच्या पट्ट्यांना हात लावायचा, आणि तेच दार समजायचं. पहिल्या संध्याकाळी ती आली, खाट चाचपली, वाकून खालपर्यंत हात फिरवला. "गंजलीय," म्हणाली. मग वळून, "लावलं गं दार." बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "हेमंत, हे काम तुझं. यात हयगय नको."

बाबा मारत नसत. ते बोलणं बंद करत. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला विषय राहिलेले. निकाल कळल्यापासून ते माझ्याशी आईच्या मार्फत बोलत होते, मी समोर बसलेलो असतानासुद्धा. "त्याला सांग, मीठ दे." माझा मोबाइल त्यांनी कपाटात ठेवून दिला होता. ते खाटेचं काम सांगितलं तेव्हा महिन्या-दीड महिन्याने पहिल्यांदा त्यांनी मला नावाने हाक मारली होती. मला त्यांची किती भीती वाटायची हे आज माझ्या मुलीला सांगूनही समजणार नाही. ती माझ्यावर दार आपटते. मला ते आवडतं.

तर, मोबाइल कपाटात होता, पण मी मित्राकडून एक जुना हँडसेट घेतला होता. वर्गातल्या एका मुलीशी बोलायचो. पुढे त्याचं काही झालं नाही, तिचं नाव इथे लिहायचं कारणही नाही. घरात रेंज येत नसे, जाड भिंती. पुढे व्हरांड्यात बाबा बसलेले. बाजूच्या बोळात वाळू आणि विटांचा ढीग. रेंज यायची ती मागे, खड्ड्याच्या पलीकडे, बदामाखाली. मी काय करायचो, गडी गेले की खाट लावायच्या आधी खड्ड्यात उतरून पलीकडे चढायचो, बोलायचो, परत यायचो आणि मग खाट लावायचो. दिवेलागणीच्या आत. रोज मनात म्हणायचो, उद्या नाही.

त्या दिवशी खाट आधी लावून झाली होती. बाबांनी बघितलीही होती. मग ते व्हरांड्यात जाऊन बसले, आई भाजी आणायला गेली, आणि खाटेपाशी क्षणभर रेंज मिळून फोन खिशात थरथरला. मी विटा बाजूला केल्या, खाट भिंतीला टेकवून ठेवली, खाली उतरलो आणि पलीकडे गेलो. लगेच येऊ म्हणून. वीज नुकतीच गेलेली. दोन इमारतींच्या फटीतून ऊन सरळ घरात घुसत होतं. बाबांना त्याचं कोण कौतुक होतं, इतक्या वर्षांनी स्वयंपाकघरात सूर्य आला म्हणून. मी हसत होतो, हे नक्की आठवतं. काय विनोद होता ते आठवत नाही. हसता हसता मी घराकडे बघितलं तर आत्या स्वयंपाकघराच्या मध्यावर आलेली.

भिंत संपत होती तिथे तिचा हात सुटला. ती थांबली. मावळतीचं ऊन तिच्या तोंडावर होतं. त्या डोळ्यांना समोरचं ऊन म्हणजे पांढरा पडदा, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मला फक्त दिसलं की तिने डोळे बारीक केले आणि हात पुढे केला. खाट शोधत होती. मी फोन कानावरून खाली घेतला. तोंड उघडलं. आणि मग मला व्हरांड्यातल्या खुर्चीची करकर ऐकू आली. मी ओरडलो तर बाबा येतील, मी पलीकडे दिसेन, हातात फोन दिसेल, खाट बाजूला दिसेल. हे सगळं मला एका क्षणात सुचलं. विचार केला असंही नाही म्हणता येणार, उघडलेलं तोंड मिटलं गेलं. मला वाटलं ती थांबेल. हाताला काही लागलं नाही की माणूस थांबतोच. ती थांबलीही होती. मग तिचा चेहरा जरासा माझ्या दिशेने वळला, कान दिल्यासारखा, आणि सैल झाला. आणि तिने पाऊल टाकलं.

पडल्याचा आवाज मोठा नव्हता. मोठा असेल असं मला वाटलं होतं. मग ती "वसंता" म्हणाली. किंचाळली नाही. मी वळलो आणि मागच्या गल्लीतून पळालो. नाक्यापर्यंत गेलो, रसवाल्यापाशी उभा राहिलो, आणि बाजूने फिरून पुढच्या दाराने घरात शिरलो. तोवर शेजारचे दोघं खड्ड्यात उतरलेले. बाबा काठावर गुडघे टेकून बसले होते, आणि मी त्यांना तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. "काय झालं?" मी विचारलं. तो प्रश्न विचारताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. आजही रस्त्यात एखाद्या अनोळखी माणसाने "काय झालं?" म्हटलं तर माझ्या अंगावर काटा येतो.

खुबा मोडला होता. हॉस्पिटलात, स्ट्रेचर ठेवलेल्या बोळात, बाबांनी मला विचारलं, "खाट कोणी काढली?"

"मी लावली होती. तुम्ही बघितली ना."

"मी बघितली. मग काढली कोणी?"

त्यांची नजर माझ्या चपलांवर गेली असं मला वाटलं. चपलांना लाल माती होती. त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यांच्याच चपलांना होती, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. आत्या स्ट्रेचरवर होती, डोळे मिटलेले. मला वाटलं तिला शुद्ध नाही. ती म्हणाली, "मीच सरकवली रे. गंज हाताला लागतो म्हणून."

"ताई, ती जड खाट तू सरकवलीस?"

"अजून हातात जोर आहे माझ्या."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "किती वेळा सांगितलं," ते म्हणाले. "किती वेळा सांगितलं तिला." मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरुमाचा ट्रक आला. भराव टाकण्याआधी बाळारामशेठ खड्ड्यात उतरला आणि पलीकडच्या बाजूला चढणीवर बघत उभा राहिला. मला हाक मारली. मातीत चपलांचे ठसे होते, वर जाणारे.

"तुजं?"

"सकाळी उतरलेलो. पाण्याचा पाइप बघायला."

त्याने पुन्हा ठशांकडे बघितलं. मग म्हणाला, "तुज्या आत्यानं माज्या बापाला अक्षरं शिकवली. मोट्या मानसांच्या रातच्या वर्गाला." आणि ड्रायव्हरला हात केला. लाल मुरूम घरंगळत खाली आला आणि ठसे बुजले. पुढे काम संपेपर्यंत तो माझ्याशी चांगलाच वागला. पण त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला की मी संडासात जाऊन बसायचो.

आत्याला घरी आणणं शक्य नव्हतं, सगळीकडे सिमेंट आणि धूळ. खडवलीला नदीच्या बाजूला एक संस्था होती, म्हाताऱ्या माणसांची, तिथे तिला ठेवलं. काम होईपर्यंत. छतावर काच बसली, पश्चिमेची पोकळ भिंत उभी राहिली, गच्चीवर पांढरे तुकडे लागले. बाबा संध्याकाळी भिंतीला तळहात लावत आणि ती गार लागे. मागची खोली झाली, उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर एकसारखा मऊ उजेड येई. बदामाची पानं भिंतीवर हलत. आईने तिथे आत्याची पेटी नेऊन ठेवली. आणि आता आणायचं का, असं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, नको.

"ती ऐकणार नाही," ते म्हणाले. "इथे सगळं बदललंय. आपण तिघंही कधी ना कधी बाहेर असतो. पुन्हा काहीतरी सरकवेल, पुन्हा कुठेतरी जाईल. एकदा वाचली. मला आता तिची भीती वाटते." आई रडली. बाबांचेही डोळे भरले होते. ताटातली भाकरी तशीच राहिली. मी तिथेच बसलो होतो. मी म्हणायचं होतं, तिने काही सरकवलं नाही, ती कधीच हट्टाने वागली नाही, तिला इथे एकटं सोडायला काही हरकत नाही. एवढंच. वर काचेतून स्वच्छ ऊन माझ्या ताटात पडलं होतं. त्या घरात आता लपायला एक कोपरा उरला नव्हता आणि तरी मी लपलो.

खडवलीला मी जायचो. सुरुवातीला बाबांबरोबर, मग एकटा. जागा चांगली होती, माणसंही बरी. आत्या बाजेवर बसलेली असायची, भिंतीला पाठ लावून. तिथे तिला कोणी चालू द्यायचं नाही. तिच्यासाठी मी वाल घेऊन जायचो, सोललेले नाही, मोड आलेले. ती ते मांडीवर घ्यायची. गाडी पुलावरून गेली की तिची बोटं थांबायची आणि मग पुन्हा चालू व्हायची. एकदा तिने विचारलं, "मागचं दार कोण लावतं रे आता?" मी म्हणालो, मी. खरं म्हणजे तिकडे आता सरकती काच होती आणि ती दिवसभर बंदच असायची.

"म्हणतोस का, लावलं गं दार?"

"नाही."

"म्हणत जा. नाहीतर घराला कसं कळणार?"

मग तिने डाळिंब्या बाजूला केल्या. मी खाली बघत होतो, पण तिचा चेहरा माझ्याकडे वळलेला मला जाणवत होता, त्या दिवशी वळला होता तसाच. "हेम्या," ती म्हणाली, "तू हसत होतास तेव्हा. मला आवाज आला, बदामाकडून. मग तू हसायचा थांबलास. मला वाटलं, याने मला बघितलं. आता काही वाकडं असतं तर हा ओरडला असता. नाही ओरडला, म्हणजे खाट पुढे कुठेतरी असेल. म्हणून टाकला पाय."

तिने हे चिडून नाही सांगितलं. एखादं कोडं सुटल्यावर सांगावं तसं सांगितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "आत्या, पाणी देऊ?"

"दे," ती म्हणाली. पाणी प्यायली. भांडं माझ्या हातात देताना हात धरून ठेवला. "वसंताला सांगू नकोस. तो तुझ्याशी बोलायचा नाही, आणि मग जन्मभर बोलायचा नाही. मला माहीत आहे तो." मी मान हलवली. तिला ते दिसलं नसणार. ती जेमतेम दोन पावसाळे तिथे राहिली. मागच्या खोलीत ती एक दिवससुद्धा राहिली नाही.

आज त्या खोलीत बाबा असतात. त्यांनाही काचबिंदू आहे. तो आमच्या घराण्यात आहे, आणि मी दरवर्षी डोळ्यांतला दाब तपासून येतो आणि निकाल सांगेपर्यंत डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नाही. सकाळी बाबा माजघरात काचेखाली खुर्ची घेऊन बसतात, तोंड वर करून. "ऊन आलं का रे?" विचारतात. आलेलं असतं. शेजारच्या इमारती पाडून आता मनोरे उभे राहतायत, तरी ती काच अजून घराला उजेड देते. दिवसा बटण दाबावं लागत नाही. लोक बघायला येतात, फोटो काढतात, बाबा त्यांना पोकळ भिंतीचं सांगतात. आणि कोणी विचारलं की मागची खोली कोणासाठी बांधली, तर म्हणतात, "बहिणीसाठी. पण फार हट्टी होती. ऐकलं असतं तर याच खोलीत सुखाने गेली असती."

मी तेव्हा तिथेच उभा असतो.

गेल्या दिवाळीत रंग काढायला घेतला तेव्हा रंगाऱ्याने माजघराच्या भिंतीवर बोट ठेवलं. "इथे तेल कसलं लागलंय साहेब?" बाबांच्या हाताच्या उंचीवर एक तुळतुळीत पट्टा होता. मी त्याला म्हणालो, तेवढी जागा सोडून रंगव. संध्याकाळी बाबा त्या पट्ट्यावरून हात फिरवत मागे जातात, काच लावलेली आहे ना ते चाचपून बघतात, आणि परत येतात. ते येईपर्यंत मी दाराशी उभा असतो. काही वेळा तोंडातल्या तोंडात म्हणतो, लावलं गं दार. मोठ्याने म्हणवत नाही.

हे लिहिलेलं बाबांना वाचता येणार नाही. कोणीतरी वाचून दाखवायला हवं, आणि त्यांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवतो तो मीच. त्यांचा अबोला मला अजून तितकाच भिववतो, आणि आता त्यांच्याकडे अबोल्याला फार वर्षंही नाहीत. आत्याने माझ्यासाठी "मीच सरकवली" म्हटलं, तो ठपका तिच्या नावावरून काढणं माझ्याकडे राहिलं आहे. काचेखाली त्यांच्या खुर्चीसमोर बसून हे सगळं, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने वाचणं, एवढं मी आत्याचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.